‘माझी हरकत नाही’

जुन्या मराठीत पत्नीस ‘कुटुंब’ म्हणण्याचा प्रघात होता. ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ असे एखाद्या गृहस्थाने सांगितले, म्हणजे घरात चार मुले, म्हातारी आई आणि एखादी आत्या शिल्लक असली तरी घर ओस पडले आहे, असाच अर्थ ऐकणाराने घ्यावयाचा असे. तो प्रघात आता गेला. अर्थ मात्र जागच्या जागी राहिला. म्हणूनच पहाटे साडेचार वाजता ‘कुटुंब’च बूट चढवून धावण्यास बाहेर पडू लागले, म्हणजे गल्लीस पहिला प्रश्न पडतो तो हा की, मागे घरी उरले कोण?

हा प्रश्न गेली तीन वर्षे नवीन जालन्यात आम्हांस नाना परींनी विचारला गेला आहे. आमच्या पत्नीने वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी दीर्घ पल्ल्याचे धावणे आरंभिले. कुंडलिकेचा पूल ओलांडून जुन्या जालन्यात जावयाचे आणि परत यावयाचे, एवढ्यापासून आरंभ होऊन पुढे आठवड्यास पन्नास-साठ किलोमीटरांपर्यंत मजल गेली. ह्यात विशेष असे काही नाही. शहराशहरांतून हजारो स्त्रिया आज हे करीत आहेत. विशेष काही असेल तर ते आमच्याकडे येणाऱ्या अभिप्रायांत आहे. त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग आक्षेप घेणारांचा. दुसरा वर्ग उदार मनाच्या गृहस्थांचा; ‘आमच्या घरी कोणी धावणार म्हणाले, तर माझी काही हरकत नाही’ असे ते म्हणतात. पहिल्या वर्गाशी आमचे भांडण जुने व सरळ आहे. ह्या लेखाचा खरा रोख दुसऱ्या वर्गावर आहे. कारण दीड वर्ष आम्ही स्वतः त्याच वर्गात होतो.

आक्षेपकांस प्रथम निरोप देऊ. त्यांचे म्हणणे असे की, एवढे अंतर तोडणे हे स्त्रीच्या शरीरास व शालीनतेस सोसणारे नव्हे. हे मत आमच्या गल्लीतच जन्मले आहे, असे मात्र कोणी समजू नये. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरांची शर्यत झाली. शर्यत संपल्यावर काही स्त्रिया थकून बसल्या, ह्याचा युरोपातील वृत्तपत्रांनी एवढा बोभाटा केला की, पुढे १९६० सालच्या रोम ऑलिंपिकपर्यंत ती शर्यत स्त्रियांसाठी पुन्हा ठेवली गेली नाही. शर्यतीअंती पुरुषही थकून पडतात. परंतु पुरुष पडला तर तो पराक्रम व स्त्री पडली तर तो पुरावा! बेचाळीस किलोमीटरांवरची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांस मिळावयास १९८४ साल उजाडावे लागले. तेव्हापासून आजवर एकाही वैद्यकाच्या भाकितापुढे त्या नमल्याचे दिसत नाही. गुडघे झिजतात म्हणावे, तर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या एका अभ्यासात हौशी धावणारांमध्ये गुडघ्याच्या व खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण शेकडा साडेतीन, तर बैठे आयुष्य काढणारांमध्ये ते शेकडा दहांहून किंचित अधिक आढळले. अर्थात, ज्या गुडघ्यांची चिंता वाहिली जाते, ते गुडघे ओट्यापुढे तासन् तास उभे राहूनही दुखतात. परंतु त्या दुखण्यावरून स्वयंपाक बंद करावा असे सुचविणारा हितचिंतक आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

आणि अंतराचेच म्हणाल, तर स्त्रीने अंतर तोडण्यास आमच्या समाजाची हरकत केव्हा होती? आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. डोईवर तुळशीवृंदावन घेऊन म्हाताऱ्या बाया ते पायी चालतात, आणि वाटेतली गावे त्यांच्या पाया पडतात. २०१२-१३ च्या दुष्काळात ह्याच जालना जिल्ह्यात घागरी व हंडे घेऊन बायकांनी किती मैल तुडविले, ह्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्या वेळी गुडघ्यांची आठवण कोणास झाली नाही. जालना-बीडकडील जोडपी दरवर्षी ऊसतोडीस जातात. तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. म्हणजे मजुरीच्या हिशेबात ती बाई स्वतंत्र आकडासुद्धा नव्हे. तरी उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंतच्या तिच्या खेपा काही अर्ध्या होत नाहीत. देवासाठी, पाण्यासाठी, मजुरीसाठी स्त्री वाटेल तितकी चालो! मात्र ज्या अंतरातून घरादारास काहीच मिळावयाचे नाही, जे केवळ तिचे स्वतःचे आहे, असे अंतर ती तोडू लागली की तिच्या प्रकृतीची काळजी सुरू होते.

ह्या वृत्तीचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडले, आणि आम्ही सर्वांनी त्यावर डोळे पुसले. बारामतीजवळ राहणाऱ्या लता भगवान करे ह्या साठी ओलांडलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या बाई. पतीच्या आजाराच्या तपासणीस पैसे नव्हते. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटास बक्षीस आहे असे कळले. बाई नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्या नावाचाच चित्रपट २०२० साली निघाला. त्यात त्यांनी स्वतःच काम केले, आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांच्या कामाचा खास उल्लेख झाला. त्या बाईंविषयी आमच्या मनात आदराखेरीज दुसरी भावना नाही. आमचा प्रश्न त्यांना नव्हे, टाळ्या वाजविणारांना आहे. त्याच बाई त्याच लुगड्यात, त्याच अनवाणी पायांनी, ‘मला धावावेसे वाटले’ एवढ्याच कारणासाठी धावल्या असत्या, तर आपण काय म्हटले असते? ‘म्हातारीला वेड लागले’ असे म्हटले असते. सावित्री यमाच्या मागोमाग किती दूर गेली, हे आपण दर वटपौर्णिमेस आठवतो. कारण ती पतीच्या प्राणांसाठी गेली. स्वतःच्या प्राणांसाठी, म्हणजे स्वतःच्या श्वासाच्या, छातीच्या व पायांच्या आनंदासाठी गेलेल्या स्त्रीची कथा आपल्या पुराणांत नाही व आपल्या गल्लीतही नाही. ही उणीव पुराणकारांची असेल. गल्लीची मात्र निश्चितपणे आपली आहे.

आता दुसऱ्या वर्गाकडे वळू.

‘माझी हरकत नाही’ हे वाक्य दिसावयास सौम्य आहे. परंतु त्याची फोड करून पाहावी. हरकत घेण्याचा अधिकार माझा आहे. तो मी तूर्त बजावीत नाही. आणि न बजावल्याबद्दल मी स्तुतीस पात्र आहे, अशी तीन कलमे त्या तीन शब्दांत दडलेली आहेत. भाडेकरूस घरमालक जे म्हणतो, तेच हे वाक्य. समाजही त्यास साजेसे बक्षीस देतो. आमची पत्नी पहिल्यांदा एकवीस किलोमीटर धावून आली, त्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आमचाच हात हाती घेऊन म्हटले, ‘तुम्ही वहिनींना फारच मोकळीक दिलीत हं!’ पाय तिचे, घाम तिचा आणि अभिनंदन आमचे! त्या दिवशी आम्ही ते हसून स्वीकारले, ही गोष्ट येथे लज्जेने नमूद करतो.

मोकळीक म्हणजे प्रत्यक्षात काय होते, ते आकड्यांनी सांगितल्यावाचून कळावयाचे नाही. मॅरेथॉनची तयारी चार-साडेचार महिने चालते. आठवड्यास साठ किलोमीटर धावावयाचे, आणि एका किलोमीटरास सात मिनिटे लागतात असे धरले, तर चारशे वीस मिनिटे, म्हणजे बरोबर सात तास झाले. त्यात आधीची तयारी, नंतरचे ताण, स्नान व थोडी विश्रांती मिळविली तर दहा तास सहज होतात. हे दहा तास आकाशातून पडत नाहीत. घरातील कोणाच्या तरी वाट्यातून ते निघतात. आमच्या घरी दीड वर्ष ते केवळ तिच्या झोपेतून निघत होते. ती साडेचारास जात होती, कारण सातास डबे व्हावयाचे होते. ती रविवारी अठरा किलोमीटर धावून येत होती आणि आल्याबरोबर कुकर लावीत होती. तिने घरातले काहीही सोडले नव्हते. आणि आमची हरकत नव्हती, ती ह्याच कारणाने नव्हती! ज्या उदारतेस एका पैशाचा खर्च आला नाही, ती उदारता नव्हे. ती केवळ गैरसोय न झाल्याची पोच आहे.

हे आमच्या ध्यानात आले तो प्रसंग क्षुल्लक आहे, आणि त्यातील दोष सर्वस्वी आमचा आहे. आमच्या गल्लीत नळास पाणी येण्याचा दिवस कळतो, वेळ कळत नाही. अशाच एका रविवारी तिचे चोवीस किलोमीटर ठरलेले होते. तोवर तिने धावलेल्या अंतरांत ते सर्वांत मोठे. दोन महिने ती त्या दिवसाकडे डोळे लावून होती. नऊ किलोमीटरांवर तिला शेजारच्या काकूंचा दूरध्वनी आला की, पाणी आले आहे आणि तुमची टाकी उघडलेली दिसत नाही. ती तेथूनच परत फिरली. घरी येऊन पाहते तो आम्ही गच्चीवर वर्तमानपत्र वाचीत बसलेलो. पाणी आल्याचे आम्हांस कळले नव्हते असे नव्हे. आवाज ऐकू आला होता. ती येईल व भरील, असे वाटले होते, इतकेच. ती काही बोलली नाही. बूट न काढताच तिने टाकीचा नळ उघडला, पिंप भरले, हंडे भरले आणि मग म्हणाली, ‘अहो, तुमची हरकत नाही हे मला ठाऊक आहे. मला तुमची हरकत नको होती, तसेच ते “नाही”ही नको होते. पाणी भरायला माणूस हवा होता.’

ह्याहून नेमकी व्याख्या आम्हांस कोणत्याही ग्रंथात मिळाली नाही. साहाय्य म्हणजे अनुमती नव्हे, अभिनंदन नव्हे, अंतिम रेषेपाशी उभे राहून गळ्यात पदक घातलेल्या पत्नीबरोबर छायाचित्र काढून घेणे तर नव्हेच नव्हे. साहाय्य म्हणजे त्या दहा तासांतील आपला वाटा आपल्या झोपेतून, आपल्या वर्तमानपत्रातून, आपल्या गच्चीतून काढून देणे.

येथे कोणी म्हणेल की, पुरुष मदतीस धावतो तेव्हा तो नुसता उभा नसतो. वेळ आली तर तो लढतोही. ह्या संदर्भात जगप्रसिद्ध असे एक छायाचित्र आहे. १९६७ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर ही तरुणी २६१ क्रमांक लावून धावत होती. ही शर्यत त्या काळी पुरुषांचीच समजली जाई. एक व्यवस्थापक धावत येऊन तिचा क्रमांक ओरबाडू लागला. तेव्हा तिच्याबरोबर धावणाऱ्या तिच्या धिप्पाड मित्राने त्यास असा धक्का दिला की तो बाजूस उडाला. छायाचित्र येथे संपते, आणि पुरुष वाचक त्या धक्क्यावर संतुष्ट होतो. पुढची हकिकत तिनेच लिहून ठेवली आहे. काही वेळाने तो मित्र तिच्यावरच रागावला. ह्या भानगडीमुळे माझी ऑलिंपिकची संधी गेली असे म्हणाला, आणि तिला मागे टाकून पुढे निघून गेला. पुढे त्या दोघांचा विवाह झाला, आणि काही वर्षांत तो मोडलाही. आम्हांस त्या मनुष्याची निंदा करावयाची नाही. तो आमच्याहून वाईट नव्हता. परंतु एक गोष्ट त्यातून शिकण्यासारखी आहे. धक्का देण्यास एक क्षण पुरतो आणि त्याचे छायाचित्र निघते. दुसऱ्याच्या गतीने बेचाळीस किलोमीटर बरोबर राहण्यास चार-पाच तास लागतात आणि त्याचे छायाचित्र निघत नाही.

उलट बाजूने एक अपराध असाही आहे की, नवरा उदासीनता सोडतो आणि एकदम गुरू होतो. त्यास घड्याळ मिळते, तक्ते मिळतात. कालपर्यंत ज्याने जिना चढताना धाप टाकली, तो आज पत्नीच्या पावलांची संख्या मोजू लागतो. ‘आज अर्धा मिनिट हळू का?’ असे तो विचारतो. जी एक गोष्ट तिने स्वतःची म्हणून निवडली, तीसुद्धा त्याच्या अखत्यारीत आली. आम्ही पाणी भरण्यास शिकल्यानंतर ह्या दुसऱ्या खड्ड्यातही पडलो होतो. त्यातून वर काढण्यास तिला एकच वाक्य पुरले, ते येथे छापण्यासारखे नाही.

मग खरोखर करावयाचे काय? थोडे स्थूल सांगतो. पहिली गोष्ट ताटाची. धावण्यास दर किलोमीटरास शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी लागते. पंचावन्न किलो वजनाची स्त्री वीस किलोमीटर धावली तर अकराशे कॅलरी गेल्या. एका दिवसाच्या साधारण आहाराचा हा जवळजवळ अर्धा भाग झाला. आणि आपल्याकडे घरची स्त्री जेवते केव्हा? सर्वांचे झाल्यावर, उरेल ते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा सत्तावन्न रक्तक्षयी आढळल्या, त्यामागे अनेक कारणे आहेत; परंतु शेवटच्या पंगतीचे कारण त्यात नाही असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणावे. शेवटी जेवणारी बाई लांब धावू शकत नाही. म्हणून साहाय्याचा आरंभ बुटांच्या दुकानात होत नाही. ती परत येते त्या वेळी तिच्यासाठी ताट तयार असते की नाही, येथे होतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो. तेव्हा धावावयाचे तर उजाडण्यापूर्वी. परंतु त्या वेळी दिवे नसतात, कुत्री असतात, लोखंड वाहणाऱ्या मालमोटारी असतात आणि चहाच्या टपरीवर जमलेले पुरुष असतात. ‘मग घरीच यंत्रावर धावा’ असा उपाय सुचविला जातो. धोका रस्त्यावरच्या पुरुषांचा, आणि कोंडून घ्यावयाचे बाईने! सायकल काढून तिच्या मागे अंधारात निमूटपणे जाणे हे नवऱ्याने करण्यासारखे आहे. पण तेवढ्याने भागत नाही. एकट्या बाईस निर्धास्तपणे धावता यावे इतका रस्ता उजळ व सभ्य ठेवणे हे गावाचे काम आहे, आणि त्यासाठी अर्ज करणे, वाद घालणे, टपरीवर ओळखीच्या माणसास चारचौघांत दटावणे हेही साहाय्यच आहे. शेजारच्या परभणीची ज्योती गवते २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिली आली. मराठवाड्याच्या मातीत ते बळ आहे; वाट मात्र हवी.

तिसरी गोष्ट स्मरणाची. १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो व घ्यावे. परंतु अशा धावणाऱ्या, कुस्ती खेळणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या पुरुषांच्या घरी दळण कोणी दळले, दूध कोणी आटविले, परत आल्यावर पाय कोणी चोळले, हे विचारल्याचे आमच्या वाचनात फारसे नाही. शेकडो वर्षे स्त्रियांनी हे साहाय्य केले. त्यास साहाय्य हे नावसुद्धा मिळाले नाही, कारण तो त्यांचा धर्म समजला गेला. आज एखादा पुरुष आठवड्यातून दोनदा पोळ्या लाटतो, तर त्यावर लेख लिहिला जातो. हा लेखही त्या दोषातून मुक्त नाही, हे आम्ही जाणतो.

शेवटी एक रास्त आक्षेप उरतो, त्यास टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘धावणारासही मर्यादा हवी, घरातील आजारपण, मुलांच्या परीक्षा बाजूस सारून पल्लेच गाठीत राहणे हाही स्वार्थ नव्हे काय?’ होय, असू शकतो. आणि धावणाऱ्या पुरुषांस हाच प्रश्न विचारला जाईल त्या दिवशी आम्ही त्याचे सविस्तर उत्तर देऊ. तोपर्यंत एवढेच म्हणतो की, आमच्या सासूबाई आजारी होत्या त्या सहा आठवड्यांत आमच्या पत्नीने बूट फळीवर ठेवून दिले, आणि त्यासाठी तिला कोणी उपदेश करावा लागला नाही. आमच्या मातोश्री आजारी होत्या तेव्हाही तिनेच ते ठेवून दिले. त्या वेळी आम्ही काय बाजूस ठेविले, ह्याची आठवण करून पाहिली. काही आठवले नाही.

तिचे चोवीस किलोमीटर पुढे पुरे झाले आणि गेल्या हिवाळ्यात बेचाळीसही झाले. ते सांगण्याचा अधिकार तिचा आहे, आमचा नाही. आमच्या अधिकारातले एवढेच सांगतो की, उद्या पाण्याचा दिवस आहे, तिचे बत्तीस ठरलेले आहेत, आणि टाकीचे झाकण आम्ही आज रात्रीच काढून ठेवले आहे. ‘मागे घरी उरले कोण?’ असे गल्लीने पुन्हा विचारले, तर उत्तर देण्यास आम्ही हजर आहोत.